वादळानंतरची मदत: नुकसान मोजायचं कसं, हे कोण ठरवतं?

धरा, दोन घरं आहेत. एकाच मापाची, एकाच साली बांधलेली, लाकडी, पुढे छोटी ओसरी. दोन्ही घरांत वादळाच्या दिवशी पाणी शिरलं आणि पुढचे तीन आठवडे तिथेच साचून राहिलं. भिंती बुरशीने काळ्या पडल्या, जमिनीच्या फळ्या फुगून वर आल्या. फ्रीज इतका नासला की दाराला चिकटपट्ट्या मारून तसाच्या तसा रस्त्यावर नेऊन ठेवावा लागला. दोन्ही घरं पुन्हा राहण्याजोगी करायला प्रत्येकी दीड लाख डॉलर लागतील, असा हिशेब निघाला.

फरक एकच. पहिलं घर गोऱ्यांच्या वस्तीत आहे. वादळाआधी त्याला बाजारात दोन लाख डॉलर आले असते. दुसरं कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आहे. त्याला सत्तर हजार आले असते. आता सरकारी मदत किती मिळेल? पहिल्याला दीड लाखापर्यंत. दुसऱ्याला सत्तर हजारापर्यंत. लाकूड, पत्रे, सुताराची मजुरी दोघांनाही एकाच दराने पडते. मग दुसऱ्या घराच्या मालकिणीने उरलेले ऐंशी हजार आणायचे कुठून?

ही घरं मी समजावण्यासाठी उभी केली आहेत. सूत्र मात्र खरं आहे. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याने कतरिना वादळानंतर आणलेल्या ‘रोड होम’ योजनेचं हे सूत्र. योजनेच्या नावाचा अर्थ घराकडची वाट. वादळानंतर ‘न्याय्य पुनर्वसन’ मागणारे लोक नेमकं काय मागतात, हे या एका सूत्रातून जितकं स्पष्ट होतं तितकं मोठमोठ्या अहवालांतून होत नाही, म्हणून सुरुवात इथून केली.

आधी थोडी पार्श्वभूमी

हरिकेन म्हणजे आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो तेच. अटलांटिक महासागरात उठलं की हरिकेन, आपल्या समुद्रात उठलं की सायक्लोन. कतरिना २९ ऑगस्ट २००५ रोजी लुईझियानाच्या किनाऱ्यावर आदळलं. न्यू ऑर्लिन्स शहराचा बराच भाग समुद्रसपाटीपेक्षा खाली, बशीसारखा. बशीच्या कडेला बांध आणि पूरभिंती. त्या जागोजाग फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

या पूरभिंती केंद्र सरकारच्या लष्करी अभियंता दलाने बांधलेल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. रचनेत चूक होती हे त्या दलाने जून २००६ मध्ये कबूलही केलं. पण पूरनियंत्रणाच्या कामांतून झालेल्या नुकसानीसाठी केंद्र सरकारवर दावा लावता येत नाही, असा १९२८ सालचा एक कायदा आहे. त्याच्यावर बोट ठेवून न्यायालयाने २००८ मध्ये कालव्यांच्या भिंतींबद्दलचा दावा फेटाळला. म्हणजे भिंत ज्याची फुटली त्याने चूक मान्य केली, पण भरपाई द्यायला तो बांधील नाही. न्यू ऑर्लिन्सचे लोक ‘मदत’ या शब्दावर का चिडतात, ते यावरून कळतं. त्यांच्या लेखी तो उपकार नव्हता, देणं होतं.

अमेरिकेत वादळानंतरचा पैसा चार वाटांनी येतो. पहिली वाट विम्याची. घराच्या नेहमीच्या विम्यात वाऱ्याचं नुकसान धरतात, पुराचं धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा, १९६८ पासून केंद्र सरकार चालवतं. त्यामुळे कतरिनानंतर ‘घर वाऱ्याने पडलं की पाण्याने’ यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली. दुसरी वाट फेमाची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेची. तिची मदत तातडीची आणि छोटी. कतरिनाच्या वेळी एका कुटुंबाला जास्तीत जास्त २६,२०० डॉलर. तिसरी वाट सरकारी कर्जाची. ती अर्थातच ज्याची पत आहे त्याच्यासाठी. चौथी वाट सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत सावकाश. अमेरिकेची संसद दर मोठ्या आपत्तीनंतर वेगळा निधी मंजूर करते, तो गृहनिर्माण खात्यामार्फत राज्याकडे जातो आणि कोणाला किती द्यायचं याची योजना राज्य ठरवतं. या निधीतला ७० टक्के भाग कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या कामी यावा असा नियम असतो. कतरिनाच्या वेळी तो सैल करून ५० टक्क्यांवर आणला.

‘रोड होम’ याच चौथ्या वाटेवरची योजना. सुमारे १,३०,००० घरमालकांना मिळून ९ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम वाटली गेली. एका घराला कमाल मर्यादा दीड लाख.

सूत्रात दडलेली गोष्ट

सूत्र असं होतं: घराची वादळाआधीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतली जी रक्कम कमी असेल ती धरायची, त्यातून विमा आणि फेमाचे पैसे वजा करायचे. कागदावर हे अगदी समंजस वाटतं. सत्तर हजारांच्या घरासाठी सरकारने दीड लाख का द्यावेत, असा सरळ प्रश्न कोणीही करील.

पण किंमत सत्तर हजार का होती? १९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. जिथे कृष्णवर्णीय राहतात त्या वस्त्या लाल केल्या, म्हणजे ‘इथे कर्ज धोक्याचं’. कर्ज मिळेना म्हणून घरांची डागडुजी होईना, नवे खरेदीदार येईनात, भाव चढेनात. १९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीतला वंशभेद बेकायदा ठरवला. पण तोवर साचलेला भावातला फरक कायद्याने कुठे पुसला जातो? ‘रोड होम’च्या सूत्राने तो जुना फरक उचलला आणि नव्या धनादेशांवर छापला. योजनेच्या अर्जात वंश विचारून पैसे कमी केले, असं कोणी म्हणत नव्हतं. तशी गरजच नव्हती.

इथे एक कायदेशीर कल्पना समजून घ्यायला हवी, कारण अमेरिकेतल्या अशा बहुतेक लढ्यांचा कणा तीच आहे. भेदभाव सिद्ध करायला ‘त्यांच्या मनात भेदभाव होता’ हे दाखवावंच लागतं का? गृहनिर्माण कायद्यापुरतं उत्तर आहे: नाही. नियम वरून सगळ्यांना सारखा दिसला, तरी त्याचा मार एका समाजावर जास्त बसत असेल आणि तसा नियम ठेवायला सबळ कारण नसेल, तर तोही भेदभाव. हेतू बघायचा नाही, परिणाम बघायचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये टेक्सासच्या एका खटल्यात यावर शिक्कामोर्तब केलं.

न्यू ऑर्लिन्सच्या लोकांनी त्याच्या आधीच, नोव्हेंबर २००८ मध्ये, दावा लावला होता. पाच कृष्णवर्णीय घरमालक, शहरातलं न्याय्य गृहनिर्माण केंद्र आणि अशा केंद्रांची राष्ट्रीय संघटना एका बाजूला. केंद्राचं गृहनिर्माण खातं आणि राज्याचं पुनर्वसन प्राधिकरण दुसऱ्या बाजूला. मागणी साधी होती: घराची किंमत मोजू नका, घर उभं करायला काय लागतं ते मोजा. जुलै २०११ मध्ये तडजोड झाली. सुमारे १,३०० घरमालकांसाठी ६.२ कोटी डॉलर जादा देण्याचं ठरलं. कमी उत्पन्नाच्या लोकांना योजनेत वेगळं जादा अनुदान होतं; त्यावरची मर्यादाही दावा चालू असतानाच काढावी लागली होती. पण वादळाला तोवर सहा वर्षं होत आली होती. सहा वर्षं भाड्याच्या खोलीत, दुसऱ्या राज्यात, मुलांच्या शाळा बदलत काढलेली माणसं तडजोडीची बातमी वाचून लगेच परत येत नाहीत. पुढे २०२२ मध्ये पत्रकारांनी सगळ्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की शहरातल्या सर्वांत गरीब भागांत लोकांना पुनर्बांधणीच्या खर्चातला ३० टक्के भार स्वतः उचलावा लागला होता आणि सर्वांत श्रीमंत भागांत २० टक्के.

हे अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नका. कोकणात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड पट्ट्यात वाद पेटला तो याच मुद्द्यावर. फळबागांची भरपाई हेक्टरी ठरवलेली होती. जुना दर १८,००० रुपये हेक्टरी; राज्य सरकारने तो वाढवून ५०,००० केला. ऐकायला बरं वाटतं. पण श्रीवर्धनची वाडी हेक्टरात कुठे असते? दहा-पंधरा गुंठ्यांची वाडी, तीत दाटीने पोफळी, मधून मधून नारळ, अंगावर चढलेले मिरवेल, खाली केळी. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, म्हणजे हाती पाच हजार. एवढ्यात उन्मळलेली झाडं कापून बाहेर काढण्याची मजुरीसुद्धा सुटत नाही, आणि नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. बागायतदार म्हणत होते, जमीन मोजू नका, झाडं मोजा. नंतर नारळाच्या झाडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये असा झाडनिहाय दर ठरला. त्याच दहा गुंठ्यांत १२० पोफळी आणि १६ नारळ आडवे झाले असतील तर हिशेब दहा हजारांवर जातो. दर तुटपुंजाच, तरी नुसतं मोजमाप बदलल्यावर रक्कम दुप्पट झाली.

नावावर काय आहे?

सूत्राच्याही आधी एक दार असतं: घर तुमचंच कशावरून?

आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज पडू नये. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव, खाली सामाईकात सतरा जण, त्यातले पाच वारलेले, चार मुंबईत, दोघांचा पत्ता नाही आणि वारसनोंद राहून गेलेली. घरात राहते, घरपट्टी भरते, पावसाळ्याआधी कौलं चाळून घेते ती मात्र एकटी काकू. वादळानंतर पंचनाम्याला माणूस आला की तो विचारतो, खातेदार कोण?

न्यू ऑर्लिन्सच्या लोअर नाइन्थ वॉर्डात हीच गोष्ट हजारो घरांची होती. ही वस्ती गरीब, पण तिथे स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण शहराच्या सरासरीपेक्षा जास्त होतं. आजीने घर घेतलं, कर्ज फेडलं, ती गेली, मुलगी राहत राहिली. कर्ज नव्हतं म्हणून बँकेने विम्याची सक्ती केली नाही. वाद नव्हता म्हणून कोणी न्यायालयात जाऊन वारसाहक्क लावून घेतला नाही. शांतपणे, कोणाचं देणं न ठेवता जगलेली माणसं, आणि वादळानंतर नेमकी तीच अपात्र ठरू लागली. वारसाहक्क लावायला वकील, वकिलाला पैसे, शिवाय वेगवेगळ्या राज्यांत पांगलेल्या भावंडांच्या सह्या. आधी बुडलेलं घर, त्यावर हा व्याप.

हा प्रश्न सगळ्यांत तीव्रपणे दिसला तो अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावर. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळ बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. तिथल्या कायद्यानुसार घराची मालकी सरकारी नोंदवहीत नोंदवणं सक्तीचं नाही. कुटुंबाच्या जमिनीवर मुलाने खोली बांधली, नातवाने वर मजला चढवला, सगळं तोंडी. तो त्यांच्याकडे रीतसर हक्कच आहे. पण फेमा मालकीचा कागद मागू लागली आणि हजारो कुटुंबांचे अर्ज त्याच एका कारणाने फेटाळले गेले.

तिथल्या विनामूल्य काम करणाऱ्या वकिलांनी जे केलं ते मला या साऱ्या विषयातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. त्यांनी फेमाचे स्वतःचे नियम काढून वाचले. नोंदणीकृत खरेदीखतच पाहिजे असं त्यांत कुठेच नव्हतं. मग त्यांनी एक साधं प्रतिज्ञापत्र तयार केलं: मी अमुक, या घरात अमुक सालापासून राहतो, हे घर माझं आहे, कारण असं असं. २०१८ मध्ये फेमाने ते मान्य केलं, पण लोकांना ते कळवण्याची फारशी तसदी घेतली नाही. गावोगाव फिरून, चर्चच्या ओसरीवर टेबल मांडून अर्ज भरून घेण्याचं काम वकील आणि स्वयंसेवकांनाच करावं लागलं. बेटावर तेव्हा विमानातून पाहिलं की छपरांच्या जागी निळ्या ताडपत्र्या दिसत, आणि एक पावसाळा जाऊन दुसरा आला तरी त्या तिथेच होत्या. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये फेमाने धोरण बदललं: दुसरा पुरावा नसेल तर घरमालकाचं स्वतःचं लेखी निवेदनही चालेल. हा बदल साऱ्या अमेरिकेला लागू झाला. आज लुईझियानातल्या एखाद्या आजीच्या नातीला त्याचा लाभ होतो तो पोर्तो रिकोच्या लोकांनी धरलेल्या चिकाटीमुळे.

मारियाच्या बाबतीत माणसांची मोजणीही चुकली होती. सरकारी आकडा कित्येक महिने ६४ मृत्यूंवर अडला होता. वादळात दगावलेल्यांची तेवढी नोंद. पण नंतरच्या काळात वीज नसल्यामुळे, डायलिसिस चुकल्यामुळे, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडल्यामुळे गेलेले लोक त्यात नव्हते. १ जून २०१८ रोजी लोकांनी राजधानी सान हुआनमध्ये विधानभवनासमोर आपल्या गेलेल्या माणसांचे जोडे आणून ठेवले. वहाणा, बूट, लहान मुलांचे सँडल, काहींत चिठ्ठ्या. ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारने आकडा २,९७५ केला. यात शोकाचा मान तर होताच, पण अंत्यविधीच्या खर्चाची मदतही मृत्यूचा वादळाशी संबंध कागदावर लागला तरच मिळते.

हिरवे ठिपके

आता पुन्हा न्यू ऑर्लिन्स. जानेवारी २००६. निम्म्याहून अधिक शहर अजून ह्यूस्टन, अटलांटा, बॅटन रूजमध्ये नातेवाइकांकडे नाहीतर हॉटेलांत. ११ जानेवारीला शहराच्या वर्तमानपत्रात एक नकाशा छापून आला. महापौर रे नेगिन यांनी नेमलेल्या आयोगाचा. नकाशावर काही वस्त्यांवर मोठे हिरवे ठिपके होते: इथे पुढे बाग किंवा मोकळी जागा होऊ शकते. त्या वस्त्यांमध्ये माणसं राहत होती. शिवाय शिफारस अशी की आपली वस्ती टिकण्याजोगी आहे हे रहिवाशांनी चार महिन्यांत सिद्ध करावं आणि तोवर बांधकाम परवाने थांबवावेत.

शहराला सखल भाग सोडून मागे सरकावं लागेल, या विचारात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. समुद्र वर येतो आहे, जमीन खचते आहे. पण मागे कोणी सरकायचं हे ठरवताना ज्यांना सरकायचं ते खोलीत नव्हते. ते तर राज्यातही नव्हते. आपल्या घरावर ठिपका पडल्याचं त्यांना वर्तमानपत्रातून कळलं.

ब्रॉडमूर ही अशीच एक ठिपक्याची वस्ती. तिथल्या रहिवासी संघाने आठवड्याच्या आत सभा बोलावली. अंगणाअंगणात पाट्या लागल्या: ब्रॉडमूर जिवंत आहे. गल्लीवार प्रतिनिधी नेमले, कोण कुठे आहे, परत येणार का, घराची अवस्था काय, याची घरोघर नोंद केली, विद्यापीठाची मदत घेऊन स्वतःचा आराखडा लिहिला. मागण्या नेमक्या ठेवल्या: शाळा परत सुरू करा, ग्रंथालय परत सुरू करा. दोन्ही झालं. लोकांच्या रेट्यापुढे महापौरांनी परवाने थांबवण्याची शिफारस मागे सारली. तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रॉडमूरमध्ये शिकलेले, ओळखीपाळखीचे, मोकळा वेळ काढू शकणारे लोक बऱ्यापैकी होते. लोअर नाइन्थ वॉर्डात तेवढे नव्हते. ‘स्वतःला सिद्ध करा’ ही अट सगळ्यांना सारखी असली तरी ती पेलायचं बळ सारखं नव्हतं.

घर स्वतःचं होतं त्यांची ही कथा. भाडेकरूंचं काय? वादळाआधी शहरातली निम्मी घरं भाड्याने दिलेली होती. ‘रोड होम’मध्ये भाडेकरूला जागाच नव्हती, छोट्या घरमालकांना भाड्याची घरं दुरुस्त करायला पैसे देणारी एक वेगळी योजना होती, ती रखडत चालली. चार मोठ्या सरकारी वसाहती, सुमारे साडेचार हजार घरं, त्यांतल्या अनेक इमारती विटांच्या आणि भक्कम, नगर परिषदेने २० डिसेंबर २००७ रोजी एकमताने पाडायला काढल्या. त्या दिवशी आत जागा मिळाली नाही म्हणून लोक फाटकाबाहेर ओरडत होते आणि पोलिसांनी त्यांच्यावर मिरीचे फवारे मारले. ‘परत येण्याचा हक्क’ ही या लढ्याची घोषणा होती. तिला आधार होता संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या तत्त्वांचा: आपल्याच देशात विस्थापित झालेल्यांना स्वेच्छेने, सुरक्षित आणि सन्मानाने परतता यावं, आणि परतीच्या नियोजनात त्यांचा सहभाग असावा. २००० ते २०१० या दोन जनगणनांमध्ये शहरातली कृष्णवर्णीय लोकसंख्या सुमारे १,१८,००० ने घटली.

व्हिएतनामी वस्तीची गोष्टही जाता जाता सांगतो. शहराच्या पूर्व टोकाला स्थायिक झालेले हे निर्वासित आपल्या चर्चच्या आधाराने सगळ्यांत आधी परतले, छपरं चढवली, आणि पाहतात तो महापौरांनी आणीबाणीचे अधिकार वापरून त्यांच्या उशालाच वादळाच्या राडारोड्याचं डंपिंग ग्राउंड मंजूर केलेलं. कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी निदर्शनं केली आणि ऑगस्ट २००६ मध्ये ते बंद करवलं.

कामं कोणाला, मजुरी किती

पुनर्वसन म्हणजे प्रचंड मोठं कंत्राटी काम. पडझड काढायची, ताडपत्र्या घालायच्या, जहाजं आणि तेलाचे तराफे दुरुस्त करायचे. वादळानंतर दहा दिवसांत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सरकारी कामांवर त्या भागात चालू असलेला मजुरीचा दर देण्याची अट स्थगित केली. टीका झाल्यावर दोन महिन्यांनी ती परत लावली. बरीच मोठी कंत्राटं निविदा न काढता दिली गेली. मूळ कंत्राटदार, त्याखाली पोटकंत्राटदार, त्याखाली आणखी एक. दर थराला थोडे पैसे गळत छपरावर चढणाऱ्यापर्यंत चिमूटभर उरायचे. बेघर झालेल्या स्थानिक माणसालाच आपलं गाव उभारण्याचं काम आणि रास्त मजुरी मिळावी, ही मागणी म्हणून यादीत वर असते.

यात एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. कतरिनानंतर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने मिसिसिपी आणि टेक्सासमधल्या आपल्या यार्डांसाठी भारतातून सुमारे पाचशे वेल्डर आणि पाइपफिटर नेले. मुंबईतल्या एका भरती एजन्सीने, अमेरिकेतल्या एजंट आणि वकिलाबरोबर, त्यांना ग्रीन कार्डचं आमिष दाखवून माणशी दहा ते वीस हजार डॉलर घेतले. जमीन विकून, सोनं गहाण टाकून गेलेली ही माणसं. प्रत्यक्षात हाती आला दहा महिन्यांचा तात्पुरता व्हिसा, आणि राहायला कुंपणाआड एकेका खोलीत चोवीस जण. त्याचेही पैसे पगारातून कापले जात. मार्च २००८ मध्ये त्यांनी काम टाकलं, आपले हेल्मेट फाटकाबाहेर ठेवले, न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनपर्यंत यात्रा काढली, तिथे उपोषण केलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पहिल्या पाच कामगारांना १.४ कोटी डॉलर देण्याचा निर्णय दिला. कंपनीने त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली आणि उरलेल्या खटल्यांत २ कोटींची तडजोड झाली. न्यू ऑर्लिन्सच्या कामगार केंद्राने या भारतीयांची बाजू स्थानिक कृष्णवर्णीय मजुरांच्या बाजूसोबत लावून धरली, ‘बाहेरचे आले आणि आमचं काम गेलं’ असं दोघांना भिडवू दिलं नाही, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

लोक मागतात तरी काय?

एवढं पाहिल्यावर मागण्या आपोआप उलगडतात. पैसे नुकसानीवर आणि गरजेवर द्या, मालमत्तेच्या भावावर नको. राहत्या घराचा पुरावा माणसाला परवडेल असा ठेवा. भाडेकरूला मोजा. नकाशा काढण्याआधी बोलवा, नंतर नव्हे, आणि जे परगावी अडकलेत त्यांच्यापर्यंत सभा घेऊन जा. कोणत्या वस्तीला किती गेले याचे आकडे उघडे ठेवा. शेवटची मागणी रुक्ष वाटेल, पण बाकीच्या सगळ्या तिच्यावर उभ्या आहेत. आकडे हाती आले नसते तर ‘रोड होम’चा दावाच उभा राहिला नसता.

टेक्साससारख्या ठिकाणी हे आकडेच कामी आले. २०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टन पाण्यात बुडालं. पुढच्या पुरापासून बचावासाठीच्या निधीतले सुमारे १ अब्ज डॉलर राज्याच्या खात्याने मे २०२१ मध्ये वाटले, तेव्हा ह्यूस्टन शहराच्या वाट्याला शून्य आलं. दोन संघटनांनी तक्रार केली. गुणांकनाचे निकष असे लावले होते की लहान, अंतर्भागातल्या, जास्त करून गोऱ्यांच्या भागांना गुण मिळत. मार्च २०२२ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने हा भेदभाव असल्याचा निष्कर्ष काढला. पुन्हा सूत्रच.

आणि ‘रोड होम’? ती योजना २०११ च्या तडजोडीने संपली नाही. योजनेत एक पोट-अनुदान होतं, घर जमिनीपासून उंच उचलून घेण्यासाठी ३०,००० डॉलरपर्यंत. पण मुख्य अनुदान दुरुस्तीलाच पुरत नव्हतं, म्हणून अनेकांनी तेही पैसे भिंती आणि छपरात घातले. उघड्या घरात राहून घर उंच कसं करणार? कित्येकांचं म्हणणं असं की योजनेच्या माणसांनीच तसं केलं तरी चालेल म्हणून सांगितलं होतं. नियमाप्रमाणे मात्र हा पैशांचा गैरवापर. राज्याने सुमारे ३,५०० घरमालकांवर वसुलीचे दावे लावले. वादळाच्या वेळी पन्नाशीत असलेली माणसं सत्तरीला टेकली तरी समन्स येत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये, वादळाला साडेसतरा वर्षं झाल्यावर, केंद्र आणि राज्य यांच्यात करार होऊन ते सगळे दावे मागे घेतले गेले.